फुसक्या बाराचं खापर प्राइमरवर

अमेरिकेत घरी काडतुसं भरणाऱ्या हौशी मंडळींत प्राइमरबद्दल, म्हणजे काडतुसाच्या बुडात बसणाऱ्या आणि आतली दारू पेटवणाऱ्या टोपीबद्दल, एक दावा जोरात फिरतोय: '२०२० च्या टंचाईनंतर प्राइमरचा दर्जा पार ढासळलाय. बार फुसका गेला, म्हणजे ठोका बसूनही गोळी सुटली नाही, की माल खराब समजायचा. गोळीच्या वेगात सातत्य हवं तर महागडे, स्पर्धेसाठीचे मॅच प्राइमरच घ्या. पाच गोळ्या झाडून बघा, फरक दिसतो.' तिकडे नेमबाजीच्या रेंजवर जाणारे आपले लोकही तो बिनदिक्कत पुढे पाठवतात. (भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा आहे; इथल्यांनी नुसतं वाचावं.)

टंचाई खरीच होती. मागणी भडकली आणि त्याच वर्षी रेमिंग्टन ही बंदुका-काडतुसं बनवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. पण माल न मिळणं आणि माल वाईट असणं या दोन वेगळ्या गोष्टी. खराब लॉट निघतात, कंपन्या परतही मागवतात. मात्र प्रत्येक फुसका बार त्यांच्या नावावर टाकण्याआधी एकच विचारा: तोच प्राइमर दुसऱ्या ठोक्याला उडाला का?

उडाला असेल तर मसाला जिवंत होता, हे तिथेच सिद्ध झालं. प्राइमर म्हणजे धातूची इवलीशी टोपी. तिच्यात ठोक्याने पेटणारा मसाला आणि त्याला लागून एक छोटी ऐरण. ऐरणीचे पाय काडतुसाच्या पुंगळीतल्या खोबणीच्या तळाला टेकलेले हवेत, तरच बंदुकीच्या पिनेचा ठोका मसाल्यावर बसतो. प्राइमर वर राहिला तर पहिला ठोका त्याला आत ढकलण्यातच खर्ची पडतो आणि दुसऱ्याला बार होतो. नीट बसलेला प्राइमर पुंगळीच्या बुडापेक्षा साधारण तीन ते पाच सहस्रांश इंच खाली असतो. बुडावरून बोट फिरवलं की वर राहिलेला लगेच लागतो. खोबणीत साचलेली काजळी हे त्याचं नेहमीचं कारण. (भरलेल्या काडतुसातला प्राइमर पुन्हा दाबायचा उद्योग मात्र करू नये.)

पिनेची खूण उथळ असेल तर बंदुकीकडे बघा. ट्रिगर हलका व्हावा म्हणून स्प्रिंग नरम करायची, वर कडक टोपीचा प्राइमर वापरायचा आणि बोंब कंपनीच्या नावाने! सीसीआय कंपनीची टोपी कडक, फेडरल कंपनीची मऊ, हे तर घरी काडतुसं भरणारे सगळेच सांगतात.

'जुने प्राइमर मरतात' हे शेपूटही या दाव्याला लागलेलं असतं. कोरड्या, थंड जागी ठेवलेले प्राइमर दशकानुदशकं टिकतात. दुसऱ्या महायुद्धातली काडतुसं आजही उडतात.

आता त्या पाच गोळ्या. क्रोनोग्राफने (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) वेगाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीची चढउतार, सेकंदाला १० फूट दाखवलं, तर पाचच गोळ्यांवरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरं विचलन साधारण ६ ते २९ च्या दरम्यान आहे. म्हणजे एका प्राइमरचं ८ आणि दुसऱ्याचं १४ आलं, तरी काहीच ठरलं नाही. त्याच दोन पाकिटांतून पुन्हा पाच-पाच झाडल्या तर आकडे उलटेही येतील. ३० गोळ्यांवर हाच पट्टा ८ ते १३ वर येतो. मॅच प्राइमर वाईट मुळीच नाहीत. पण त्यांचे जादा पैसे मोजण्याआधी एकाच दिवशी, बंदुकीच्या दारूच्या एकाच डब्यातून, दोन्हींच्या तीस-तीस झाडा.