खुलासा: बक्षीस म्हणून फक्त ‘सर्वांत आवडती’ गोष्टच चालते का?

‘मूल जे सर्वाधिक करतं तेच प्रबलक (दुसरं वागणं वाढवणारं बक्षीस), नावडती कृती बक्षीस होऊच शकत नाही,’ असं सर्रास सांगितलं जातं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांच्या 1959 च्या मांडणीचा हा अर्धाच धडा. विल्यम टिंबरलेक आणि जेम्स अ‍ॅलिसन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये दाखवलं, की आवडीच्या क्रमापेक्षा निर्बंध महत्त्वाचा: अट पाळताना बक्षीस म्हणून ठेवलेली कृती नेहमीच्या प्रमाणाखाली जाते का, एवढंच बघायचं.

आकडे मांडून बघा. दोन्ही गोष्टी मोकळ्या ठेवल्या तर तासाभरात मूल 40 मिनिटं चित्रं काढतं, 10 मिनिटं गणितं सोडवतं. आता अट घाला: 5 मिनिटं गणित, मग 30 मिनिटं चित्रं. नेहमीच्या 10 मिनिटांतच त्याला हवी त्याहून जास्त चित्रकला मिळते. मग गणित वाढेल कशाला? अशा योजना इथेच फसतात, आणि खापर मात्र मुलाच्या आळसावर फुटतं.

उलट, 20 मिनिटं चित्रांमागे 2 मिनिटं गणित दिलं, तर नेहमीच्या 40 मिनिटांत गणिताची जेमतेम 4 मिनिटं पदरात पडतात. तुटवडा झाला, चित्रकला वाढण्याची शक्यता आहे, तीही कमी आवडत्या गणितापायी.

म्हणून आधी काही दिवस दोन्ही कृती मोकळ्या ठेवून घड्याळ लावून मोजा. नुसती बंदी म्हणजे प्रबलन नव्हे; बक्षिसाची कृती अट पूर्ण झाल्यावर, लगेच मिळायला हवी. संध्याकाळी तीच फुकट मिळत असेल, तर तुटवडा तिथेच भरून निघतो. जेवण, झोप यांवर हा प्रयोग अजिबात नको.