घाटातला पहिला पाऊस आणि विमानाची तपासणी

छोटं विमान आणि मोटरसायकल, दोन्हींचा धोका जवळपास सारखाच, असं एका लेखात वाचलं. तासांच्या हिशेबाने ते पटतं. अमेरिकेत छोट्या खासगी विमानांच्या दर १ लाख उड्डाणतासांमागे साधारण १ जीवघेणा अपघात होतो आणि तिथल्या मोटरसायकलींचा आकडाही त्याच घरात जातो. पण वैमानिक उडण्याआधी विमानाभोवती फेरी मारतो, इंधनात पाणी उतरलंय का बघतो, हवा बिघडली तर चक्क थांबतो. आमच्या चिपळुणात जूनच्या पहिल्या सरीला परशुराम घाटात कोण थांबतं? रस्त्यावर लाल मातीचा थर असतो, तो भिजला की पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला तरी चाक सरकतं. मी तसाच पडलोय. डाव्या कानावर वीतभर ओरखडा असलेलं ते हेल्मेट अजून ओटीवर टांगलंय. आणि पोरं हेल्मेट कोपरात अडकवून जातात, बघून जीव तुटतो हो! २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळजवळ ४४ टक्के दुचाकीवरची. आमच्या घरी आता पहिली सर आली की तासभर गाडी काढायची नाही, धाकट्याचा क्लास बुडाला तरी चालेल.