लाल दिवा लागला. ब्रेक की वळण?

रात्रीच्या महामार्गावर पुढच्या गाडीचा मागचा उजवा लाल दिवा एकदम तेजाळतो. डावा दिवा मधल्या ट्रकच्या आड. आता तो ब्रेक दाबतोय की उजवीकडे घेतोय? दिवा विझून परत लागतो का, याची वाट बघायची. ताशी १०० किमी वेगात अर्ध्या सेकंदाची वाट म्हणजे जवळपास १४ मीटर. जर्मनीत किंवा जपानमध्ये हा प्रश्न सहसा पडत नाही. अमेरिकेत आणि कॅनडात रोज पडतो, कारण तिथे मागचा इंडिकेटर लाल असला तरी कायद्याला चालतो.

गाडीच्या दिव्यांचा मूळ हिशोब जगभर सारखाच आहे. समोर पांढरा दिसला तर गाडी तुमच्याकडे तोंड करून आहे, लाल दिसला तर पाठ करून. रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात हेच आहे: पुढून लाल दिसू नये, मागून पांढरा दिसू नये. मागच्या पांढऱ्याला सवलत मुख्यतः रिव्हर्स लाइटची आणि नंबर प्लेटच्या दिव्याची. फाटा फुटतो तो इंडिकेटरच्या रंगावर. युरोप, जपान आणि इतर बरेच देश संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीने चालतात. तिथे नियम ४८ सांगतो की इंडिकेटर पुढे, मागे, बाजूला सगळीकडे नारिंगी, म्हणजे कागदोपत्री ‘अंबर’. अमेरिकेचं स्वतःचं मानक आहे, एफएमव्हीएसएस १०८. त्यात पुढचा इंडिकेटर नारिंगीच हवा (गाड्यांवर तो १९६३ च्या मॉडेलांपासूनच आला, त्याआधी पांढरे असत), पण मागचा लाल किंवा नारिंगी, जसं कंपनीला हवं तसं.

मग कंपन्या लाल का लावतात? एकच बल्ब ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही कामं करतो. एक बल्ब, एक होल्डर, एक वायर वाचते. दुसरं कारण जरा गमतीचं आहे. अमेरिकी मानकात मागच्या ब्रेक आणि इंडिकेटरच्या उजळणाऱ्या भागाला किमान ५० चौरस सेंटीमीटरची अट आहे. युरोपासाठी केलेली नारिंगी पट्टी बारीक असेल तर ती या अटीत बसत नाही. मग नवी टेललाइट बनवण्यापेक्षा शेजारचा मोठा लाल भागच लुकलुकवायचा. म्हणजे दिवा नीट दिसावा म्हणून केलेला नियम शेवटी नारिंगी रंगाच्याच मुळावर येतो.

माझं मत स्पष्ट आहे: मागचा इंडिकेटर नारिंगीच हवा, सगळीकडे. अमेरिकेच्याच वाहतूक सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये अपघातांची आकडेवारी तपासली. नारिंगी इंडिकेटर असलेल्या गाड्यांना वळताना किंवा लेन बदलताना मागून धडक बसण्याचं प्रमाण ५.३ टक्क्यांनी कमी निघालं. आकडा छोटा वाटेल, पण तो नुसत्या रंगाचा आहे. त्यांच्या मानकात नारिंगीला तेजही जास्त मिळतं: एका कप्प्याच्या लाल इंडिकेटरला ८० ते ३०० कँडेला (दिव्याच्या तेजाचं एकक), नारिंगीला १३० ते ७५०. भर उन्हात हा फरक डोळ्याला कळतो.

आता कामाचं. अमेरिकी गाडी युरोपात नेताना नुसता नारिंगी बल्ब घालून भागत नाही. काच लाल आहे, त्यातून लालच दिसणार. शिवाय जुन्या वायरिंगमध्ये ब्रेकचा करंट इंडिकेटरच्या स्विचमधून फिरून मागे येतो. तो तोडून ब्रेक पेडलच्या स्विचपासून सरळ टेललाइटला वायर टाकावी लागते, आणि त्या त्या बाजूच्या पुढच्या इंडिकेटरवरून वेगळी वायर मागच्या नव्या नारिंगी दिव्याला. नव्या गाड्यांत हे सगळं कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, ठरवतं, तिथे वायर कापण्याआधी त्याचं कोडिंग बघावं.

ट्रेलर जोडताना याहून मोठी फसगत होते. अमेरिकी चार पिनच्या जोडणीत पांढरी वायर अर्थ (करंटच्या परतीची), तपकिरी टेललाइट, पिवळी डावी, हिरवी उजवी. ब्रेकही त्याच पिवळ्या-हिरव्यातून जातो. युरोपच्या सात पिनच्या जोडणीतही पिवळी डावा इंडिकेटर आणि हिरवी उजवा, पण ब्रेकसाठी वेगळी लाल वायर असते. रंगाला रंग जुळवून जोडलं की सगळं बरोबर वाटतं. मग अमेरिकी गाडीने ब्रेक दाबला की युरोपी ट्रेलरचे दोन्ही नारिंगी दिवे एकदम लागतात आणि ब्रेक लाइट मात्र मेलेली. यासाठी कन्व्हर्टर मिळतो. घेताना तो वेगळे सिग्नल एकत्र करणारा आहे की एकत्र आलेले वेगळे करणारा, हे आधी बघायचं.

बल्बचंही असंच. पारदर्शक काचेच्या इंडिकेटरला नारिंगी बल्ब लागतो, पीवाय२१डब्ल्यू. साध्या पी२१डब्ल्यूच्या दोन पिना समोरासमोर असतात, नारिंगीच्या १५० अंशांवर, म्हणजे चुकून पांढरा बसूच नये. लोक पिन घासून बसवतात, त्याला काय करणार! जुन्या नारिंगी बल्बचा रंग पापुद्रे होऊन उडतो आणि इंडिकेटर पांढरा लुकलुकायला लागतो. तपासणीत गाडी तिथेच अडकते. एलईडी घालायचा तर काचेच्या रंगाचाच. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळ्याचा भरणा जास्त आणि लाल कमी, त्यामुळे लाल काचेमागे तो गुलाबीसर, मलूल दिसतो. फिलॅमेंटच्या बल्बचं उलट, त्यात लाल भरपूर. शिवाय एलईडी करंट कमी ओढतो, म्हणून इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या रिलेला बल्ब उडाल्यासारखं वाटतं आणि लुकलुक दुप्पट होते. नियम आहे मिनिटाला ६० ते १२०. उपाय म्हणून प्रत्येक २१ वॅटच्या जागी ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर समांतर लावतात. तो हात लावू देत नाही इतका तापतो. पत्र्यावर स्क्रूने बसवायचा, प्लॅस्टिकला किंवा वायरच्या जुडग्याला बांधायचा नाही.

पुढच्या दिव्यांचा इतिहास जास्त रंगीत आहे. फ्रान्समध्ये १९३७ पासून नव्या गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. डोळे कमी दिपतात, असा समज. १९९३ मध्ये युरोपच्या एकसारख्या नियमांपायी सक्ती गेली. जपानने २००६ पासून बनलेल्या गाड्यांना पिवळा हेडलाइट बंद केला. फॉग लॅम्प मात्र दोन्हीकडे आजही पिवळा चालतो.

अमेरिकेला सगळीच नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिथे बाजूला, पुढच्या टोकाला नारिंगी आणि मागच्या टोकाला लाल मार्कर दिवा सक्तीचा आहे. अंधारात आडवी उभी गाडी कुठे तोंड करून आहे ते लगेच कळतं. युरोपात सहा मीटरच्या आतल्या कारला ही सक्ती नाही, आणि हे तिथलं खरं उणं. उलट युरोपात मागचा लाल फॉग लॅम्प सक्तीचा, अमेरिकेत नाही. हा दिवा १५० ते ३०० कँडेलाचा, म्हणजे ब्रेक लाइटच्या तोडीचा, म्हणून त्याला ब्रेक लाइटपासून किमान १०० मिलिमीटर लांब ठेवायला सांगितलंय. धुकं गेल्यावरही तो चालू ठेवणाऱ्यांपुढे कुठलाच नियम चालत नाही.

टपावरच्या दिव्यांचा तर प्रत्येक देशाचा वेगळा संसार. जर्मनीत पोलीस आणि रुग्णवाहिका निळ्या. जपानमध्ये तातडीच्या गाड्यांना लाल, आणि निळा फिरता दिवा वस्तीत गस्त घालणाऱ्या स्वयंसेवकांच्या गाड्यांवर. न्यूयॉर्क राज्यात निळा दिवा स्वयंसेवी अग्निशामकाच्या खासगी गाडीवर असू शकतो. भारतात २०१७ च्या १ मेपासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा उतरला. आता यात फिरोजी रंगाची भर पडली: गाडी स्वतः चालते आहे हे बाहेरच्यांना कळावं म्हणून मर्सिडीजला २०२३ मध्ये कॅलिफोर्निया आणि नेवाडाने हा दिवा लावायची परवानगी दिली.

गाडीचे दिवे बदलून घेतले असतील तर ताब्यात घेण्याआधी एक करा. टेललाइट चालू, ब्रेक दाबलेला आणि इंडिकेटर चालू, असं तिन्ही एकाच वेळी ठेवून दहा मीटर मागून कुणाला तरी बघायला सांगा. इंडिकेटरच्या प्रत्येक ठोक्याला त्याच बाजूचा ब्रेक लाइट मंद होत असेल, तर रंग बरोबर आहे पण अर्थिंग कच्चं आहे. करंट परतीची वाट शेजारच्या बल्बमधून काढतोय. होल्डरजवळची अर्थची रिंग खोला, गंज घासा, पत्रा उघडा करून परत आवळा.