डेलॉसऐवजी सिरॉस: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुम्ही लिहिलंत, "पैसे डेलॉस-मिकोनॉसचे घेतले आणि उतरवलं सिरॉसला. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता, तरी कारण हवामानाचं!" ग्रीक बेटांच्या त्या फेरीत मी स्वतः बोटीवर होतो, म्हणून उत्तरही मीच देतोय.

ढग नव्हता हे खरंच. एजियन समुद्रातला मेल्टेमी वारा असाच, जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून लख्ख उन्हात येतो. आपल्याला वारा म्हटलं की काळं आभाळ आणि पावसाळ्यात बंद झालेली मांडव्याची लाँच आठवते. निळ्या आकाशाखाली कुणी "आज नाही" म्हटलं, तर पटणार कसं? अंदाज 7 ब्यूफोर्टचा (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) होता, म्हणजे ताशी 50 ते 61 किलोमीटर. आपली बोट चाळीस माणसांची.

"मग पहाटे न्यायचं." नेता आलं असतं. पण हा वारा दुपारकडे जोर धरतो, आणि प्राचीन अवशेषांच्या त्या डेलॉस बेटावर ना हॉटेल, ना रात्री राहायची परवानगी. टेकायला धड सावलीही नाही. हेलकावणाऱ्या बोटीत तुमच्या सासूबाईंना तिथल्या धक्क्यावरून चढवायचं, या कल्पनेनं माझ्या पोटात गोळा येतो. कॅप्टनचा निर्णय मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो.

आमचं चुकलं ते दुसरीकडे. बदल आदल्या रात्री जेवणानंतर डेकवर सांगितला, तोही इंग्रजीत. सासूबाई-सासरे तोवर झोपले होते. हे डेलॉस नाही, हे त्यांना धक्क्यावर उतरल्यावर कळलं. त्याबद्दल त्यांची मनापासून माफी मागतो. वाऱ्याची अट आम्ही सहलीच्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापली होती. आता ती त्या दिवसाच्या कार्यक्रमातच आहे. डेलॉसच्या तिकिटाचे पैसे या सोमवारी तुमच्या खात्यात जमा होतील. ते तुम्हाला मागावे लागले, हेही बरं नाही झालं.

तीन दिवस जेवायला पास्ताच होता ही तुमची तक्रारही मान्य. फावा, म्हणजे त्यांचं पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, स्वयंपाक्याला आम्हीच आधी सांगायला हवं होतं.

"सिरॉसला बघण्यासारखं काहीच नाही" हे मात्र सोडवत नाही. सिरॉसवरचं एर्मूपोली शहर म्हणजे सिक्लाडीस या ग्रीक बेटसमूहाची राजधानी. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात, 1820च्या दशकात, जीव वाचवून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली. 1864चं अपोलो नाट्यगृह तुम्ही रागात पाहिलंच नाहीत. तुमचे यजमान मात्र संगमरवरी चौकात शर्टभर पिठीसाखर सांडत लुकुमी ही तिथली मऊ मिठाई खात होते. चार डबे घेतले त्यांनी. भाव करायला मीच शेजारी उभा होतो.