तांदळाच्या डब्यातला मोबाईल

श्रावणी सोमवारी रामकुंडावर गेलेल्या माझ्या मावशीचा मोबाईल पिशवीतून निसटून पाण्यात पडला. शेजारच्या बाईंनी तो लगेच काढून दिला, पण मावशी पंचवटीतल्या घरी पोहोचेपर्यंत भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणीतरी ‘भिजलेल्या फोनवर रामबाण उपाय’ पाठवून मोकळे झाले होते. फोन चोवीस तास तांदळात पुरून ठेवा, मग हेअर ड्रायरची गरम हवा द्या, तरीही ओल राहिली तर चार्जिंगला लावा म्हणजे आतल्या उष्णतेने पाणी उडून जाईल, आणि फोन आयपी ६८ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत शिरू न देणारा असेल तर काहीच करू नका, असा तो संदेश होता. दर पावसाळ्यात तो फिरतो. या वेळी मावशीने तो अक्षरशः पाळला, म्हणून हे लिहावे लागत आहे.

यातला चार्जिंगचा सल्ला सर्वांत घातक आहे. नुसत्या पाण्याने फोन सहसा तत्काळ निकामी होत नाही. पाणी आणि वीज एकत्र आली की खरा बिघाड सुरू होतो. नदीच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे ते वीज वाहून नेते. फोनमधल्या सर्किट बोर्डावरच्या केसभर अंतरावरील जोडण्यांवर असे पाणी पसरले आणि त्यांना विद्युतदाब मिळाला, की विद्युत अपघटनाने, म्हणजे विजेमुळे पाण्यात घडणाऱ्या रासायनिक क्रियेने धातू झिजू लागतो आणि त्याचा थर भलत्याच ठिकाणी साचतो. चार्जर लावल्याने पाणी उडून जाण्याआधीच ही झीज वेगाने होते. महात्मा गांधी रस्त्यावरच्या दुरुस्तीवाल्याने मावशीचा फोन माझ्यासमोर उघडला, तेव्हा चार्जिंगच्या खाचेत तांदळाची फुगलेली कणी अडकली होती, खालच्या पट्टीवर हिरवट थर चढला होता आणि पाणी शिरल्याची खूण देणारी आतली पांढरी चिकटपट्टी लाल झाली होती. ‘चार्जिंगला लावला होता का?’ एवढेच त्याने विचारले, आणि मावशीचा चेहरा उतरला.

तांदूळ ओल शोषतो, हे मला मान्य करावे लागेल. पण तो बाहेरची ओल शोषतो, बंद फोनच्या आत बोर्डावर साचलेले पाणी तो ओढून घेऊ शकत नाही. शिवाय पावसाळ्यात आपल्या डब्यातला तांदूळ स्वतःच सादळलेला असतो, आणि पोरकिडे लागू नयेत म्हणून त्याला बोरिक पावडर चोळलेली असेल तर तीही फोनच्या खाचेत जाते. ‘आमचा फोन तांदळानेच वाचला’ असे सांगणाऱ्यांचा फोन चोवीस तास बंद राहिल्याने वाचलेला असतो, आणि श्रेय मात्र तांदळाला जाते. याबाबत ॲपलचे मार्गदर्शन अगदी स्पष्ट आहे: आयफोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, कारण त्याचे बारीक कण फोनला इजा करू शकतात. खाच खाली धरून फोन तळहातावर हलकेच आपटावा, मग कोरड्या, हवा खेळती असलेल्या जागी ठेवावा, असे तिथे म्हटले आहे. बाहेरून उष्णता देऊ नका, असेही तिथेच सांगितले आहे, त्यामुळे हेअर ड्रायरचा मुद्दा वेगळा खोडण्याची गरज उरत नाही.

राहिला आयपी ६८. ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात, कंपनीने ठरवलेल्या खोलीपर्यंत आणि वेळेपुरती होते. वाहत्या, गढूळ गोदावरीत होत नाही. फोन जुना झाला, पडला किंवा एकदा उघडला गेला की त्याचे सांधे पूर्वीइतके घट्ट राहत नाहीत. पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, असे खुद्द फोन बनवणाऱ्या बड्या कंपन्याच सांगतात.

मावशीच्या फोनचा बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करावा लागला आणि चार्जिंगची पट्टी बदलावी लागली. सोमवारीच फोन बंद करून, चार्जरला हात न लावता दुकानात आणला असता तर नुसत्या सफाईवर भागले असते, असे त्या दुरुस्तीवाल्याचे म्हणणे पडले.