‘यात दाखवण्यासारखं काय आहे?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया वाचल्या वाचल्या उत्तर लिहायला बसलो असतो तर भांडणच झालं असतं. म्हणून दोन दिवस जाऊ दिले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. वर्डप्रेस, ड्रुपल यांसारख्या वेबसाइट बनवायच्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रणालींवर केलेल्या आपल्या भागातल्या आठ वेबसाइटची ओळख मी गेल्या लेखात करून दिली होती. भाऊंचं म्हणणं असं: सगळ्या एकाच साच्यातल्या दिसतात, दोन उघडतच नाहीत, एक अजून ड्रुपल ७ या जुन्या आवृत्तीवर आहे, आणि सुरुवातीला नासा-व्हाइट हाऊसची नावं घेऊन मग दारव्हा तालुक्यातल्या तूरडाळीचं पान दाखवणं म्हणजे घरच्या लग्नाच्या पत्रिकेत मंत्र्याचं नाव छापणं.

पत्रिकेचा टोला झकास बसला. तो मान्यच. पण त्या दोन नावांची पुढची गोष्ट मी लिहायला हवी होती. व्हाइट हाऊसची साइट २००९ मध्ये ड्रुपलवर गेली, तेव्हा ड्रुपलवाल्यांनी ते नाव भरपूर मिरवलं. २०१७ च्या डिसेंबरात तीच साइट वर्डप्रेसवर आली. नासाही ड्रुपल सोडून २०२३ मध्ये वर्डप्रेसवर आलं. म्हणजे आज मिरवलेलं नाव उद्या दुसऱ्याच्या मांडवात दिसू शकतं. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की दोघांनाही आपला बाडबिस्तरा उचलून निघता आलं.

न उघडणाऱ्या दोन साइट. पहिलीचं डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, ज्याने साइट बनवली त्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. नूतनीकरणाचे मेल त्याला जात राहिले, तो धंदा बदलून मोकळा झाला, आणि गावाला कळलं तेव्हा नाव हातचं गेलेलं. दुसरीचा दोष माझा. शाळेची साइट, वर्डप्रेसवर. त्यातलं फॉर्मचं प्लगिन (वर्डप्रेसला वरून जोडायचा तुकडा) मी दीड वर्ष अपडेट केलं नाही. गूगलवर शाळेचं नाव शोधलं की खाली परदेशी औषधांच्या जाहिराती दिसू लागल्या. मुख्याध्यापकांनी फोन केला तेव्हा कुठे तोंड लपवू असं झालं. साइट मीच खाली उतरवली आणि लेखाच्या यादीतून काढायला विसरलो. वर्डप्रेस स्वतः बऱ्यापैकी मजबूत आहे. घुसखोर बहुतेक वेळा जुन्या प्लगिनच्या फटीतून शिरतात, आणि ती फट बुजवणं हे काम वेबसाइट ‘झाली’ म्हटल्यावरही संपत नाही.

आता साच्याचं. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

डाळ विकणाऱ्या बचत गटाला आधी एकाने स्वतःच्या घरगुती सॉफ्टवेअरमध्ये साइट करून दिली होती. दिसायला देखणी, पानावर फुलं उमलायची. पण डाळीचा भाव बदलायचा तर त्याला फोन, आणि फोनमागे पैसे. त्यामुळे तुरीचा नवा हंगाम सुरू झाला तरी साइटवर मागच्या वर्षीचाच भाव. माझ्याकडे आल्यावर गटाच्या अध्यक्ष ताईंनी पहिला प्रश्न विचारला, “दादा, भाव बदलला त दरखेपी तुमच्याजवळच या लागन का?” त्या एका प्रश्नावर मी थीम, म्हणजे साइटच्या दिसण्याचा साचा, निवडली. वर्डप्रेससोबत येणारी साधी थीम, साइट सांभाळायची पानं (अॅडमिन) मराठीत, ताईंना संपादकाचं लॉगिन. त्यांना लेख, फोटो, भाव बदलता येतात, पण प्लगिनला हात लावता येत नाही. त्या मोबाइलवरून बसल्या जागी भाव बदलतात. फोटो चार-पाच एमबीचे टाकतात, पण ५.३ या आवृत्तीपासून वर्डप्रेस मोठ्या फोटोची २५६० पिक्सेलची प्रत स्वतःच करून घेतं, म्हणून गावातल्या रडक्या नेटवरही पान उघडतं. फुलं उमलत नाहीत, खरं आहे.

चूक माझी एवढीच की लेखात मी पहिल्या पानाचे फोटो टाकले. फोटोत साचाच दिसणार. शेवटचा बदल कधी झाला, कोणी केला, बॅकअप कोणाकडे, डोमेन कोणाच्या नावावर, हे प्रत्येक साइटखाली लिहायला हवं होतं. आता लिहिलंय. तसं लिहिताना या कसोटीवर आठातल्या तीनच साइट टिकल्या, हेही सांगून टाकतो.

तुम्ही ‘फुकट’ शब्दावरही चिमटा काढलात. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन अर्थ अडकलेत म्हणून तिकडे समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ वेगळे असूनही मी मथळ्यात दुसरा वापरला, वाचक यावेत म्हणून. वर्डप्रेस आणि ड्रुपल ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतात, त्यात वापरण्याची, बदलण्याची, वाटण्याची मोकळीक आहे, होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायच्या सर्व्हरच्या जागेचं, बिल त्यात माफ होत नाही.

राहिली ड्रुपल ७ ची साइट. ती वाचनालयाची. ड्रुपल ७ आलं ५ जानेवारी २०११ ला आणि त्याचा अधिकृत आधार संपला ५ जानेवारी २०२५ ला, बरोबर चौदा वर्षांनी. तेव्हा तुमची काळजी रास्त आहे. पण बटण दाबून नव्या ड्रुपलवर जाता येत नाही. नवी साइट उभारून मजकूर स्थलांतरित करावा लागतो. त्यात पुस्तकांची जुनी यादी कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली (दिसायला मराठी, पण आत इंग्रजी अक्षरांचेच कोड), म्हणजे आधी ती युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीत आणायची, नाहीतर शोध चालणारच नाही. बॅकड्रॉप हा ड्रुपल ७ च्या कोडपासूनच वेगळा निघालेला प्रकल्प आहे, लहान साइटला तो सोपा पडतो असं मला वाटतंय. तुम्ही रोज ड्रुपलवरच काम करता, तर यावर तुमचं मत हवंय.

दिवाळीत गावाकडे येणार असाल तर एक दुपार काढा. सर्व्हरचा पासवर्ड ग्रंथपालांच्या वहीत आहे. चहा तेच पाजतील, आणि कृतिदेवची यादीही दाखवतील.