वुडी स्ट्रोडच्या हातातली रायफल : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर,

कृष्णवर्णीय अमेरिकन फुटबॉलपटू आणि पुढे नट झालेल्या वुडी स्ट्रोडच्या पडद्यावरच्या बंदुकांवर मी लेख लिहिला; त्यावरच्या तुमच्या लांबलचक प्रतिक्रियेतलं एक वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून हे उत्तर. तुम्ही लिहिलंय, ‘ज्याने मैदानावर वर्णभेदाची भिंत पाडली, त्याच्या सिनेमातल्या खोट्या बंदुका मोजत बसणं हा पोरखेळ आहे आणि त्या माणसाचा अपमानही.’

मतभेद असू द्या, त्याचं वाईट वाटत नाही. पण अपमान? ज्या माणसाबद्दल मी इतक्या आस्थेने लिहिलं, त्याचाच अपमान केल्याचा ठपका तुम्ही एका ओळीत ठेवून मोकळे झालात. आपण निवृत्त क्रीडाशिक्षक आहोत असं तुम्ही आवर्जून नमूद केलंय. एखाद्या मुलाने मनापासून लिहिलेली वही वर्गात अशीच भिरकावली असतीत का?

एक गोष्ट मान्य. सर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधली स्ट्रोडच्या स्टोनीची आखूड केलेली रायफल विंचेस्टर १८९२ जातीची आहे आणि चित्रपटाची कथा त्याआधीची. विसंगती आहेच. पण त्या काळातल्या कितीतरी वेस्टर्नपटांत हेच मॉडेल वापरलेलं दिसेल, मग गोष्ट कुठल्याही सालातली असो. त्यासाठी एकट्या स्ट्रोडला का धरायचं?

आता तुमच्या भिंतीकडे येतो. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ मध्ये रॅम्सचा संघ क्लीव्हलंडहून लॉस एंजेलिसला आला. त्यांना हवं होतं ते कोलिझियम मैदान जनतेच्या पैशांवर उभं होतं, आणि तिथल्या कृष्णवर्णीय पत्रकारांनी नेमकं तेच धरून रेटा लावला. तेव्हा कुठे आधी केनी वॉशिंग्टन आणि मग वुडी स्ट्रोड करारबद्ध झाले. म्हणजे संघात घेतलं, पण स्ट्रोडला फारसं खेळवलं नाही. एका हंगामानंतर संघाबाहेर. शेवटी कॅनडात जाऊन, कॅलगरीच्या संघाकडून खेळून त्याने १९४८ चा ग्रे कप हा तिथला फुटबॉल करंडक जिंकला. हे मूळ लेखातही होतं. तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल.

आत घ्यायचं, पण खेळू द्यायचं नाही. पडद्यावर याहून वेगळं काय झालं? म्हणून मी बंदुका पाहतो. दिग्दर्शक जॉन फोर्डचा १९६२ चा ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ पुन्हा लावा. स्ट्रोडचा पॉम्पी स्वयंपाकघराच्या दारात रायफल घेऊन उभा राहतो, मालकाची पाठ राखतो. शाळेच्या वर्गात त्याला अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणायला लावतात, तेव्हा सर्व माणसं समान असल्याचं वाक्यच तो विसरतो. आणि चित्रपटाचं सगळं रहस्य ज्या गोळीवर उभं आहे, त्या क्षणी तो अंधारात मालकाच्या भूमिकेतल्या जॉन वेनकडे रायफल फेकतो. वेन झेलतो, खलनायक व्हॅलन्सला टिपतो आणि रायफल परत पॉम्पीकडे फेकतो. पॉम्पीचा नेम कसा आहे, हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही. बंदूक सांभाळणारा एक, चाप ओढणारा दुसरा. यात तुम्हाला पोरखेळ दिसतो?

मी आयुष्यातली उमेदीची वर्षं नाटकाची प्रॉपर्टी सांभाळण्यात घालवली आहेत. तलवार कोणाच्या कमरेला द्यायची आणि भाला घेऊन कोणी नुसतं उभं राहायचं, यावरून झालेली भांडणं मी विंगेत उभा राहून पाहिली आहेत. हातात दिलेली वस्तू नटाची पायरी ठरवते. ‘पुस्तकी कौतुक’ असं तुम्ही म्हणालात, ते मला म्हणूनच लागलं.

त्याच फोर्डने १९६० मध्ये ‘सार्जंट रटलेज’ केला, हेही खरं. तिथे स्ट्रोड कृष्णवर्णीय सैनिकांच्या नवव्या घोडदळाचा सार्जंट आहे. बलात्कार आणि खुनाच्या खोट्या आरोपावरून त्याच्यावर लष्करी खटला चालतो. अंगावर गणवेश, हातात शस्त्र, आणि घोड्यावरून त्याने ओलांडलेली ती नदी! आपण सगळ्या कृष्णवर्णीय समाजाला त्या नदीपार नेलं, असं तो पुढे अभिमानाने सांगत असे. तरी श्रेयनामावलीत पहिलं नाव गोऱ्या जेफ्री हंटरचं. १९६६ च्या ‘द प्रोफेशनल्स’मध्ये चौघांपैकी शस्त्रांचा जाणकार ली मार्विन, आणि स्ट्रोडच्या हाती धनुष्यबाण.

आणि मग लिओनेचा स्टोनी. भूमिका काही मिनिटांची, हे तुमचं म्हणणं मी खोडत नाही. पण त्या ओसाड स्टेशनावर टोपीत ठिबकलेलं पाणी तो किती निवांतपणे पितो ते पाहा. ती रायफल त्याची स्वतःची आहे. कोणासाठी सांभाळलेली नाही. आणि कोसळता कोसळता त्याची गोळी नायक चार्ल्स ब्रॉन्सनला लागते. सगळ्या लेखाचा रोख तिथे होता, आणि त्यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही.

बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनबद्दल का लिहिलं नाही, हा प्रश्न मला समजलाच नाही. लेख त्याच्यावर नव्हता. तुम्ही लिहा, मी वाचेन. लेखाची लांबी आणि छायाचित्रं यांबद्दलच्या तक्रारींना उत्तर देण्यात वेळ घालवत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, ती आहे तशीच राहील. फक्त पुढच्या वेळी लेख शेवटपर्यंत वाचा आणि मगच कोणाचा अपमान झाला ते ठरवा.